उशी घोट्याखाली : गुडघा बदलल्यानंतरच्या तीन दिवसांबद्दल रुग्णालयाला खुले पत्र

व्यवस्थापन मंडळाचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांना,

स.न.वि.वि.

तुमच्या रुग्णालयात माझे दोन्ही गुडघे बदलले गेले. उजवा अकरा वर्षांपूर्वी, डावा या वर्षी. इमारत तीच, मजला तोच, सर्जनही तेच. मधल्या काळात भिंतींचा रंग बदलला, लिफ्ट नवी आली, स्वागतकक्षात सोफे आले. माझंही वय अकरा वर्षांनी वाढलं, हे मी विसरलेले नाही आणि पुढचं सगळं ते हिशेबात धरूनच लिहिते आहे.

उजवा गुडघा आज १२० अंशांपर्यंत वाकतो आणि पलंगावर पाय पसरला की सपाट टेकतो. डाव्याला तीन महिने झाले. तो ९५ अंशांना थांबतो. ते एक वेळ चालेल, पण तो पूर्ण सरळ होत नाही. शेवटचे दहा अंश अडतात. बाहेरून पाहणाऱ्याला दहा अंश म्हणजे काहीच नाही. चालणाऱ्याला मात्र प्रत्येक पावलाला किंचित वाकलेल्या पायावर उभं राहावं लागतं, मांडी संध्याकाळपर्यंत भरून येते आणि कंबर वेगळी तक्रार सुरू करते.

एक्स-रे उत्तम आहे. सर्जननी तो मला दाखवला, धातूचा भाग कसा नेमका बसलाय ते समजावलं, आणि ते खरंच आहे. त्यांच्या हाताबद्दल माझी काडीची तक्रार नाही. माझी तक्रार शस्त्रक्रियागृहाचं दार उघडून मला बाहेर आणलं त्या क्षणापासून सुरू होते आणि सोमवारी सकाळी मला व्हीलचेअरवरून गाडीपर्यंत सोडलं तिथे संपते. मधले सगळे मिळून तीन दिवस.

आधी उजव्या गुडघ्याची पहिली रात्र सांगते. कमरेतून दिलेली भूल संध्याकाळी उतरली, पायात दिलेलं बधिरतेचं औषध मात्र अजून काम करत होतं. दुखत नव्हतं, मी खुशीत होते. सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "आत्ता दुखत नाही म्हणून गोळी नको म्हणू नका. हे औषध पहाटे उतरेल. तेव्हा दुखायला लागल्यावर गोळी घेतलीत तर ती मागे धावत राहील." गोळी दिली. मग त्यांचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. माझ्या बहिणीने प्रेमाने गुडघ्याखाली जाड उशी सरकवली होती. त्यांनी ती काढली, टॉवेलची गुंडाळी करून घोट्याखाली ठेवली, टाच अधांतरी राहील अशी. म्हणाल्या, "गुडघ्याखाली उशी ठेवली की बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहायला शिकतो. उशी घोट्याखाली. टाचही पलंगाला घासत नाही, तिथे जखम होत नाही." मला त्या गुंडाळीचा रात्रभर राग येत होता. गुडघ्यामागची शीर ताणली जात होती. दर दोन-अडीच तासांनी त्या येऊन बघून जात आणि मी चोरून सरकवलेली गुंडाळी परत जागेवर ठेवत.

आता डाव्याची पहिली रात्र. पाय बधिर होता तोपर्यंत कोणी फिरकलं नाही. दुखत नसलेल्या रुग्णाकडे कोण येणार? पहाटे तीनच्या सुमारास औषध उतरलं. मी बेल दाबली. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं, त्यामुळे पुढचं अंदाजाने सांगत नाही. बेडपॅनसाठी नेमलेली एक नवी मुलगी पंधरा मिनिटांनी आली. गोळी देणं तिच्या हातात नव्हतं. सिस्टरना सांगते म्हणाली, आणि जाताना माझे हाल बघून तिने माया केली: गुडघ्याखाली उशी सरकवली. सिस्टर यायला आणखी पंचवीस मिनिटं लागली. त्या इंजेक्शन देऊन तशाच पळाल्या, कारण दुसऱ्या टोकाला कोणाला तरी उलट्या होत होत्या. उशी तिथेच राहिली.

मला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी शिकलेला धडा मी विसरले नव्हते. तरी मी ती उशी काढली नाही, कारण तिच्यामुळे बरं वाटत होतं. पहाटे तीन वाजता, चाळीस मिनिटं वाट पाहिल्यावर, कोणत्याही माणसाचं शहाणपण दुखण्यापुढे टिकत नाही. त्यासाठीच तर रुग्णालय लागतं. नाही तर उशी कुठे ठेवायची हे कागदावर लिहून घरी पाठवलं असतंत तरी भागलं असतं. (ते तुम्ही पाठवलंतही. डिस्चार्जच्या पाकिटात छापील पान होतं, सातव्या क्रमांकाची सूचना.)

एका रात्रीच्या उशीने पाय वाकडा झाला असं मी म्हणत नाही. तेवढी अक्कल मला आहे. पण ती उशी शनिवारी रात्रीही होती आणि रविवारीही होती, कारण रविवारच्या रात्रीपर्यंत माझ्या पलंगाजवळ आलेल्या माणसांपैकी तिच्याकडे बघायला एकालाही सवड नव्हती. या तीन दिवसांत गुडघा काय शिकतो याला महत्त्व असतं. शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आधीच्या निम्म्याहूनही खाली जाऊ शकते, हे मोजून पाहिलेलं आहे. सूज आणि दुखणं यांच्यामुळे मेंदू त्या स्नायूला जणू बंदच करून टाकतो. त्याला जागं करायचं म्हणजे पहिल्या दिवसापासून मांडी आवळणं, गुडघा पलंगात दाबणं, घोटा वरखाली हलवणं आणि उभं राहून चालणं. हे कोणी तरी शेजारी उभं राहून करून घ्यावं लागतं. दुखणारा माणूस आपणहून करत नाही, केलं तर अर्धवट करतो.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. मी नोकरीची सगळी वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये काढली. माणसांच्या ड्यूट्या लावणं हे माझं काम. तीन शिफ्ट, सुट्ट्या, आजारपण, दांड्या, बदली माणूस. त्यामुळे पलंगावर पडल्या पडल्या मी तुमचा ड्यूटी चार्ट वाचू लागले. भिंतीवर लावलेला नव्हे, प्रत्यक्ष चाललेला. अकरा वर्षांपूर्वी रात्रपाळीला आमच्या बाजूला दोन सिस्टर होत्या आणि पलंग तेरा. या वेळी पलंग चौदा आणि सिस्टर एक. सोबत दोन मदतनीस, दोघी कंत्राटी, त्यातल्या एकीचा या वॉर्डातला तिसरा दिवस. म्हणजे माणसं तुम्ही कमी केली नाहीत, असं तुमच्या तक्त्यावर नक्की दिसत असेल. डोकी दोनाची तीन झाली, एक वाढलंच. पण गोळी देऊ शकणारी, उशी ओळखू शकणारी, पोटरी दाबून बघून "ही सूज नेहमीची नाही" असं म्हणू शकणारी व्यक्ती एकच उरली आहे. आमच्या कारखान्यात याला आम्ही संख्या भरणं म्हणायचो. ऑडिटरला चालायचं, मशीनला चालत नसे.

नर्सच्या संख्येचा प्रश्न हा केवळ रुग्णांच्या रडगाण्याचा नाही. अमेरिकेतल्या लिंडा एकन यांनी २००२ साली शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, मग २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांतल्या नोंदींवर तसंच काम झालं. दोन्हीकडे जवळपास तोच आकडा आला : एका नर्सच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियाने तर २००४ पासून कायद्यानेच प्रमाण बांधून दिलं आणि तिथल्या साध्या वॉर्डात एका नर्सकडे पाचांहून अधिक रुग्ण देता येत नाहीत. तुमच्याकडे रात्री ते चौदा आहेत.

गुडघा बदलून कोणी सहसा मरत नाही, त्यामुळे हा आकडा तुम्हाला लागू नाही असं वाटेल. मग दुसरी गोष्ट घ्या. बिअॅट्रिस कॅलिश नावाच्या नर्सिंगच्या संशोधिकेने २००६ साली नर्सेसनाच विचारलं, की कामाचा डोंगर झाला की तुमच्या हातून नेमकं काय राहतं? सलाईन राहत नाही, इंजेक्शन राहत नाही. राहतं ते रुग्णाला चालवणं, कुशीवर वळवणं, वेळेवर भरवणं, समजावून सांगणं, घरी जायची तयारी करून घेणं, धीर देणं, स्वच्छता, लघवी-पाण्याचा हिशेब, लक्ष ठेवणं. पहिलं नाव चालवण्याचं आहे. इतर वॉर्डात चालवणं ही शुश्रूषा असेल, आमच्या वॉर्डात तोच उपचार आहे. न्यूमोनियाच्या रुग्णाला अँटिबायोटिक द्यायचं राहिलं तर तुमच्याकडे चौकशी बसते. गुडघ्याच्या रुग्णाला चालवायचं राहिलं तर कोणाला कळतसुद्धा नाही.

कळत नाही, कारण कागदावर ती चाललेली असते. त्याबद्दल शेवटी लिहिते.

तुम्ही म्हणाल, आता जगभर असंच आहे, आता लवकर घरी पाठवतात, पूर्वीसारखं आठवडाभर कोणी ठेवत नाही. बरोबर आहे. तुमच्या प्रशासनातल्या एका सौजन्यशील गृहस्थांनी मला हेच सांगितलं आणि वर 'एन्हान्स्ड रिकव्हरी' असं एक भारदस्त इंग्रजी नावही सांगितलं. मी घरी आल्यावर ते वाचून काढलं. पाय वर करून पडायचं असेल तर वाचायला वेळ भरपूर मिळतो.

ही पद्धत डेन्मार्कमधली. हेन्रिक केहलेट या सर्जननी १९९० च्या दशकात आतड्याच्या शस्त्रक्रियांपासून ती सुरू केली आणि पुढे तिथल्या रुग्णालयांनी ती खुब्या-गुडघ्यांना लावली. तिथला सरासरी मुक्काम २००० सालच्या सुमारास दहा-अकरा दिवसांचा होता, तो २००९ पर्यंत चार दिवसांवर आला. पण केहलेट यांनी "रुग्णाला लवकर घरी कसं पाठवता येईल" असा प्रश्न विचारलाच नव्हता. त्यांचा प्रश्न होता : हा माणूस आज रुग्णालयात का आहे? दुखतंय म्हणून? मग दुखणं एकाच औषधावर न सोडता तीन-चार वाटांनी आवरा. उभं राहिल्यावर चक्कर येते म्हणून? मग ती का येते ते बघा. फिजिओ रविवारी नसतो म्हणून? मग तो रविवारी आणा. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला आणि घरच्यांना बोलावून सगळं समजावा, त्याच दिवशी काही तासांत उभं करा, आणि घरी सोडताना कॅलेंडर न बघता माणूस बघा : स्वतः पलंगावरून उठतो का, कपडे घालतो का, वॉकर घेऊन चालतो का, गोळ्यांवर दुखणं आवरतं का. हे सगळं झालं की मुक्काम आपोआप कमी होतो.

तुम्ही मुक्काम तेवढा कमी केलात. त्या मुक्कामाच्या आधीचं आणि मधलं जे काही होतं ते तिकडेच राहिलं. शस्त्रक्रियेआधी मला बोलावणं आलं ते अनामत भरण्यासाठी. शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली, त्याच संध्याकाळी उभं करायचं होतं, पण फिजिओथेरपिस्टची वेळ संपली होती. शनिवारी ती आली, चांगली मुलगी, हुशार. दहा मिनिटं थांबली. मी पलंगापासून दारापर्यंत गेले आणि आले. तिच्यामागे अजून अकरा रुग्ण होते हे तिनेच सांगितलं, आणि बोलताना ती सारखी दाराकडे बघत होती. रविवारी कोणीच नव्हतं. सोमवारी सकाळी डिस्चार्ज. उजव्या गुडघ्याच्या वेळी मी सहा दिवस होते, रोज दोनदा चालले होते आणि शेवटच्या दिवशी रुग्णालयाच्याच जिन्याच्या चार पायऱ्या मला चढून-उतरून दाखवाव्या लागल्या होत्या. चांगला पाय आधी वर, दुखरा पाय आधी खाली. या वेळी जिना मी पहिल्यांदा पाहिला तो घराचा.

मला सहा दिवस परत नको आहेत, हेही लिहून ठेवते. घरी झोप चांगली लागते, जंतुसंसर्गाची भीती कमी, आणि पलंग दुसऱ्या गरजूला मिळतो. पण सहा दिवसांचं काम तीन दिवसांत करायचं असेल तर त्या तीन दिवसांत माणसं वाढवायला हवीत. शिफ्ट अर्धी केली आणि माणसंही अर्धी केली तर माल किती निघतो, हे आमच्याकडे नव्या शिकाऊ उमेदवारालाही सांगता आलं असतं.

शेजारच्या खोलीतल्या बाईंबद्दल लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, खुब्याची शस्त्रक्रिया झालेली. त्यांना शस्त्रक्रियेला नेण्याआधी त्यांच्याशी माझं दारातून व्यवस्थित बोलणं झालं होतं, अगदी मिश्कील बाई. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रात्री त्या ओरडू लागल्या. कोणीतरी आपल्याला कोंडलंय, गाडी चुकणार आहे, असं काहीबाही. रात्रभर चाललं. "वयामुळे होतं," असं सांगितलं गेलं आणि हात बांधले गेले. सकाळी त्यांची मुलगी आली. तिने ड्रॉवर उघडला, तर आत कानाचं यंत्र आणि चष्मा. शस्त्रक्रियेला नेताना काढून ठेवलेले, ते तसेच. म्हणजे दीड दिवस त्या बाईंना ना धड ऐकू येत होतं ना दिसत होतं, अनोळखी खोली, रात्री दिवे चालू, दुखण्यावरची गुंगीची औषधं, आणि नंतर कळलं की लघवीही तुंबली होती.

शस्त्रक्रियेनंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होतो हे डॉक्टरांना नवीन नाही. तो ओळखण्याची चार मुद्द्यांची सोपी पद्धत १९९० पासून उपलब्ध आहे. आणि तो टाळण्याचे उपाय काय, तर ऐकू येऊ द्या, दिसू द्या, रात्री झोपू द्या, दिवसा चालवा, पाणी पाजा, कळ आवरा, आपण कुठे आहोत हे सांगत राहा. यात एकही यंत्र विकत घ्यावं लागत नाही. कानात यंत्र घालायला अर्धा मिनिट लागतो. पण तो अर्धा मिनिट कोणाच्या कामात धरलेला आहे? मी तुमचा चार्ट वाचला त्यावरून सांगते, कोणाच्याच नाही. म्हणून तो पडून राहिला.

मुलीने यंत्र कानात घातलं, चष्मा लावला. दुपारपर्यंत त्या बऱ्याच शांत झाल्या. संध्याकाळी मदतनीसाने त्यांना खाली, बुटक्या खुर्चीवर बसवलं, कारण तीच मोकळी होती. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया केलेला खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकला तर सांधा निखळू शकतो. अशा रुग्णाला उंच खुर्ची, उंच कमोड लागतो आणि पायावर पाय टाकायची मनाई असते. त्या मदतनीसाला खुबा आणि गुडघा यांतला फरक कोणी सांगितला नव्हता. नशिबाने काही झालं नाही. माझ्या पाकिटातल्या छापील पानावर मात्र खुब्याच्या सूचना आणि गुडघ्याच्या सूचना एकाखाली एक आहेत, आणि कुठल्या कोणासाठी हे बघायचं काम रुग्णाचं आहे. पायावर पाय टाकू नये म्हणून मी दोन आठवडे उगाच अवघडून झोपले.

डिस्चार्जचं थोडक्यात सांगते, कारण तो प्रकारच थोडक्यात झाला. रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं पिशवीत होती, पोटात टोचायची. कशी टोचायची हे मी विचारलं तर "व्हिडिओची लिंक आहे." पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका रुग्णालयाच्या दारात संपत नाही. गुडघा बदलल्यावर ही औषधं किमान दहा ते चौदा दिवस घ्यायची असतात, कित्येकांना महिनाभराहून थोडी जास्तही, आणि या काळात पोटरी एकाएकी सुजली, ताठ झाली, दम लागला, छातीत दुखलं तर थांबायचं नसतं. हे मला कोणी तोंडाने सांगितलं नाही. उजव्या गुडघ्याच्या वेळी सांगितलं होतं, म्हणून मला माहीत. ज्यांचा पहिलाच गुडघा आहे त्यांचं काय? माझ्या सोबतीला असलेल्या भाचीला मी घरी बसून शिकवलं, आणि तिने पहिली सुई टोचली तेव्हा रडली ती, मी नव्हे.

निघताना एका टॅबलेटवर पाच चेहरे दाखवण्यात आले. हसरा, थोडा हसरा, असं करत करत रडका. मी हसऱ्यावर बोट ठेवलं. खरंच ठेवलं. समोर ती दमलेली सिस्टर उभी होती, तिच्या नावापुढे रडका चेहरा लागलेला मला नको होता. दोष तिचा नव्हताच. तेव्हा तुमच्या वार्षिक अहवालात समाधानी रुग्णांचा जो आकडा असेल, त्यातून एक वजा करा, आणि माझ्यासारखं बोट ठेवणारे किती असतील याचाही विचार करा.

गुडघा बरा झाला की नाही हे सोमवारी सकाळी लिफ्टसमोर कळत नसतं. ऑक्सफर्डमध्ये १९९८ साली गुडघ्याच्या रुग्णांसाठी बारा प्रश्नांची एक यादी तयार झाली : रात्री दुखतं का, गाडीत चढता-उतरता येतं का, गुडघ्यावर बसता येतं का, जिना उतरता येतो का. प्रत्येकी चार गुण, एकूण अठ्ठेचाळीस. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २००९ पासून गुडघा आणि खुबा बदलणाऱ्यांना असे प्रश्न शस्त्रक्रियेआधी आणि सहा महिन्यांनी विचारले जातात. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ सालीच उघडली. आणि ज्यांनी १९६२ साली आजच्या खुब्याच्या सांध्याचा पाया घातला ते जॉन चार्न्ली तर आपल्या रुग्णांकडून मृत्यूनंतर तो सांधा काढून तपासण्याची परवानगी घेऊन ठेवत, घासला किती, झिजला किती हे बघायला. तुमच्याकडून मी एवढी चिकाटी मागत नाही. सहा महिन्यांनी एक फोन करा आणि बारा प्रश्न विचारा. माझा फोन नंबर तुमच्याकडे आहे. तपासण्यांवरच्या सवलतीचे संदेश त्यावर नियमित येतात.

खर्चाचा मुद्दा येईलच, म्हणून आधीच लिहिते. २०१९ साली वेगवेगळ्या देशांच्या नोंदवह्या एकत्र करून हिशेब मांडला गेला, त्यात असं दिसलं की बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षं टिकतात. एवढ्या टिकाऊ वस्तूसाठी तुम्ही सर्जन उत्तम आणलात, शस्त्रक्रियागृहातली हवा गाळणारी यंत्रणा उत्तम आणलीत, धातू उत्तम आणलात. मग पहिल्या तीन रात्रींवर येऊन हात आखडता घेतलात. ज्यांचा गुडघा आखडून बसतो त्यांना पुन्हा भूल देऊन तो वाकवून मोकळा करावा लागतो. मला तो सल्ला आता मिळाला आहे. त्याचा खर्च कोणत्या खात्यात जाईल?

माझं मागणं मोठं नाही. सांधेरोपणाच्या वॉर्डात रात्री दोन प्रशिक्षित सिस्टर असाव्यात. एवढं एक झालं तरी निम्मं पत्र मागे घेईन. रविवारी फिजिओ असावा. ते जमणार नसेल तर शुक्रवारी गुडघे बदलू नका, साधी गोष्ट आहे. मदतनीस कंत्राटी असोत वा कायम, वॉर्डात पहिलं पाऊल टाकण्याआधी एक तास त्यांना उशी कुठे, खुर्ची कोणती, कानाचं यंत्र कुठे, हे दाखवावं. त्या मुलीने माझ्यावर माया केली होती, तिला फक्त माहीत नव्हतं. घरी सोडताना पायऱ्या चढवून बघाव्यात. आणि इंजेक्शन शिकवायला लिंक नव्हे, माणूस असावा.

तुमच्यापैकी कोणाला वेळ असेल तर एकदा पहाटे तीन वाजता त्या मजल्यावर येऊन बसा. सकाळी अकराच्या राउंडला नको, तेव्हा सगळं छान असतं, चादरीसुद्धा. तीनला या आणि बेल किती वेळ वाजते ते घड्याळावर मोजा. सिस्टरांना आधी कळवू नका, आणि नंतर त्यांना जाबही विचारू नका. अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी माझी गुंडाळी रात्रभर जागेवर ठेवली होती त्या सिस्टर मला या वेळी रविवारी रात्री भेटल्या. दुसऱ्या मजल्यावरून बदली म्हणून आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी पांघरूण वर केलं, उशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता ती काढली. टॉवेल शोधायला गेल्या, तेवढ्यात दुसरी बेल वाजली. टॉवेल घेऊन परत आल्या तेव्हा पाऊण तास झाला होता. "माफ करा हं," म्हणाल्या. मला फार लाज वाटली. माफी त्यांनी का मागावी?

राहिली ती कागदाची गोष्ट. माझ्या केसपेपरची प्रत मी मागून घेतली आहे. त्यात रविवारच्या रकान्यात लिहिलंय : "वॉकरसह ३० पावले चालवले. त्रास नाही. गुडघा वाकणे ९० अंश." त्या दिवशी मी पलंगावरून खाली पाय ठेवला नव्हता आणि कोन मोजायची पट्टी कोणी माझ्याजवळ आणली नव्हती. हे कोणी लिहिलं ते मला शोधायचं नाही आणि तुम्हीही शोधू नये. चौदा रुग्णांचे रकाने भरायचे असतील तर मीही तसंच लिहिलं असतं. फक्त ती नोंद दुरुस्त करून, सहीशिक्क्यासह, मला पाठवावी. तीस पावलं खोडा. तिथे शून्य लिहा.

कळावे,

आपल्या रुग्णालयाची दोन वेळची रुग्ण